धूलकोटच्या तळ्याकाठची मैफल

शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वर सात प्राण्यांच्या कंठांत वाटून दिले आहेत. मोराला षड्ज, कोकिळाला पंचम. आणि धैवताचा मान दिला आहे चक्क बेडकाला! तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या या पंडिताचे हे वाटप वर्गात सांगितले की मुले हमखास हसतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारतोही, की बेडकाचा धैवत धरायचा तर षड्ज कोणाचा मानायचा? माझे वडील तरुणपणी दरबारात गात. ते या प्रश्नावर वाद घालीत नसत. “एक पावसाळा खेड्यात काढा,” एवढेच म्हणत.

तो योग मला उशिरा का होईना, पण आला. पत्नीची बदली झाली आणि आम्ही बिऱ्हाड बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटला हलविले. सातपुड्याच्या कुशीतले हे गाव. भोवती बारेला लोकांची वस्ती, कापूस-मक्याची शेते आणि पलीकडे डोंगर. घरामागे एक तळे आहे व त्याला लागून एक उथळ डबके. तळ्याचे पाणी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरते. डबके दिवाळीच्या सुमारास आटून जाते.

नव्या गावाची ओळख माणूस डोळ्यांनी करून घेतो. तळ्याची ओळख मात्र कानांनी लवकर होते, कारण तिथले निम्मे रहिवासी रात्री जागतात आणि दिवसा दडून बसतात. पहिला दमदार पाऊस पडला त्या रात्री डबक्यातून असा काही घोष उठला, की घरातला तंबोरा मी गवसणीत घालून ठेवला. शेजारचे म्हातारे शेतकरी कंदील घेऊन मला काठावर घेऊन गेले. वर्षभर मातकट हिरवे असणारे मोठे बेडूक त्या रात्री हळदीसारखे पिवळेधमक झाले होते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून गात होते. हे सारे नर. मादी गात नाही. ती ऐकते आणि निवडते. श्रोत्याच्या हाती एवढी सत्ता असलेली मैफल मी दुसरी पाहिली नाही.

चार रात्री कान दिल्यावर त्या कोलाहलातली घराणी वेगळी होऊ लागली. खर्जातला घुमारा मोठ्या पिवळ्या बेडकाचा. करकर वाजणारी द्रुत लय अंगठ्याच्या पेराएवढ्या चिमुकल्या बेडकाची. त्याच्या देहाच्या मानाने आवाज केवढा तरी मोठा. जवळजवळ बसलेले दोन नर पुष्कळदा एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवीत नाहीत. एकाने विसावा घेतला की दुसरा बोलतो. प्रत्येक जातीची हाक निराळी, कारण मादीला अंधारात आपल्याच जातीचा नर ओळखायचा असतो. पहाटे पावशा आणि टिटवी त्यांच्या जागा घेतात. आणि तळ्याच्या मधोमध टिबुकली किलबिलत बुडी मारते.

काठावरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांचे खोपे लोंबत आहेत. ते पाहताना मला डॉ. सलीम अलींची आठवण येते. १९३० साली नोकरी हातची गेली, तेव्हा ते पत्नी तेहमिनाबाईंसह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. रोज तीच झाडे, तेच खोपे पाहत बसण्याचा परिपाक असा, की या पक्ष्याच्या संसाराचे गुपित उलगडले. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तर तो पुरा होतो, आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरा खोपा दुसरीसाठी विणायला घेतात! मोठ्या शोधासाठी मोठे अरण्यच लागते असे नाही, हेच किहीमने दाखवून दिले.

आमच्या डबक्याचे गुपित म्हाताऱ्यांनी सांगितले. “माटसाब, ते आटते म्हणूनच त्यात बेडूक होतात.” शास्त्रही तेच सांगते. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत. आणि मासे नसले की अंडी व पिल्ले वाचतात. वर्षभर भरलेल्या खोल तळ्यात ती मोठ्या प्रमाणात माशांच्या तोंडी जातात. हेच बेडूक पुढे शेतातले किडे खातात. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली.

आता गावात बोलणे चालले आहे, की डबके तळ्यात मिळवून सारे खोल करावे आणि चहूकडून उभा काठ बांधावा. मागणी गैर नाही. या मुलखाला पाण्याचे मोल पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. सातपुड्यात मुरून तापीकडे जाणारे पाणी विहिरींच्या ओळीतून शहरात आणणारा बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ सालचा आहे. खोल तळ्याने रब्बीला आधार मिळेल. मात्र उभ्या काठावर ना टिटवीला उतरता येते, ना बेडकाच्या पिलाला चढता येते. आणि डबके गेले की पहिल्या पावसाची मैफल गेली.

मी म्हाताऱ्यांपाशी शब्द टाकला, की तळे खुशाल खोल करा. पण डबके राहू द्या आणि पूर्वेचा काठ उतरता ठेवा. ते थोडा वेळ विडी ओढीत बसले. मग म्हणाले, “उतरता काठ तर ठेवावाच लागेल. गुरे पाण्याला कुठून जातील?” डबक्याचे मात्र ते काही बोलले नाहीत. ते ज्यांच्या शेतात आहे त्या भावांकडे आम्ही दोघे येत्या बाजाराच्या दिवशी जाणार आहोत.