सातबारा नावावर, घर वाऱ्यावर

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्ली करून आलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावकराच्या फोनमध्ये दोन गोष्टी हमखास असतात. एक स्कूबाचा व्हिडिओ आणि दुसरी प्लॉटची जाहिरात: ‘बीच टच, दोन गुंठे, सातबारा क्लिअर’. मग हिशेब सुरू होतो. सोयाबीनला भाव नाही, कपाशीवर बोंडअळी, उन्हाळ्यात पारा ४५ वर. त्यापेक्षा एखादा एकर वावर विकावं, समुद्राकाठी घर बांधावं, दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात आणि आरामात राहावं. या स्वप्नाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यापुढच्या वाक्याशी. पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ते ऐकून कान किटले आहेत: ‘‘भाऊ, सातबारा आपल्या नावावर झाला, मंग घर बांधाले कोन अडवते?’’

अडवते. केंद्र सरकार अडवते, आणि १९९१ पासून अडवते.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन कोणाच्या नावे आहे, किती आहे, तीत काय पेरलं, बोजा किती, एवढं तो सांगतो. त्या जमिनीवर काय बांधायची मुभा आहे, हे तो सांगत नाही. आपल्याकडे नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत घराला परवानगी मिळत नाही, मग ते वावर पणजोबांपासून घरात का असेना. हे बाभुळगावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तोच शहाणा माणूस मालवणला गेला की समुद्राला मात्र रेषा नसते असं धरून चालतो.

समुद्राची रेषा नदीपेक्षा कडक आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. लोक तिला सीआरझेड म्हणतात. २०११ मध्ये ती नव्याने आली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी पुन्हा. ग्रामीण किनारा तिच्या तिसऱ्या वर्गात मोडतो आणि २०१९ पासून त्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तो ‘अ’, बाकीचा ‘ब’. ‘अ’मध्ये भरतीरेषेपासून ५० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र, ‘ब’मध्ये २०० मीटरचा. दलालांनी यातला ५० चा आकडा तेवढा पाठ केलेला असतो. त्याच जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता चौरस किलोमीटरला १६३ होती. एखादं गाव दाट वस्तीचं असेलही, पण ते ‘अ’मध्ये आहे हे मंजूर नकाशात दिसलं पाहिजे. दलालाच्या तोंडी असून उपयोग नाही.

बरं, भरतीरेषा म्हणजे तुम्ही डिसेंबरात चपला काढून उभे राहिलात तिथली ओली वाळू नव्हे. ती उधाणाच्या भरतीची रेषा. चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्राने ती आखलेली आहे आणि तीच धरायची. तिथून २०० मीटर म्हणजे साडेसहाशे फूट. ‘बीच टच’ प्लॉट या पट्ट्याच्या पोटातच असणार, नाहीतर तो बीचला टच होणार कसा? तिथे नारळ लावता येतो, बाग करता येते, शेती करता येते. अधिकृत जुनं घर उभं असेल तर तेवढ्याच जोत्यावर त्याची दुरुस्ती होते. नवं घर नाही. २०० मीटरच्या पुढेही ५०० मीटरपर्यंत अटी आहेतच.

तारकर्लीशेजारच्या देवबागला तर आणखी मजा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीलाही सीआरझेड आहे: ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. दोन्हीकडून टेप धरत या आणि मधे किती जागा उरते ते बघा.

यावर हुकमाचा एक्का पडतो: ‘‘मंग बाजूच्या घरात होमस्टे कसा चालते?’’ उत्तर अधिसूचनेतच आहे. स्थानिक लोकांना, मच्छीमारांसकट, असलेल्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवता येतो. त्या गाबित मच्छीमाराचं घर तिथे सीआरझेड जन्मण्याआधीपासून असू शकतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्यासाठी ही सवलत आहे. आपल्या बेंबळा धरणाच्या कालव्यावर पिकवणाऱ्या कास्तकाराला ती लागू होत नाही, आणि होऊही नये.

आता गैरसमज पक्का कुठे होतो ते सांगतो. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेताना कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. आपल्याला येत नाही, कारण आपण शेतकरी. त्यामुळे खरेदीखत झटक्यात होतं, फेरफार पडतो, नवा सातबारा हातात येतो. माणसाला वाटतं, एवढं सगळं सरकारनेच करून दिलं, म्हणजे सरकारची हरकत नाही. अहो, दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. तुम्ही तिथे काय बांधणार हे तो विचारत नाही आणि ते त्याचं कामही नाही. तेच घरपट्टीचं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, कराची पावती, महावितरणचं मीटर, ही तिन्ही हातात असूनही बांधकाम बेकायदा असू शकतं. कर वसूल केला म्हणजे परवानगी दिली असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. राज्याने उद्या एनएची प्रक्रिया कितीही सोपी केली तरी सीआरझेड केंद्राचं आहे, ते त्याने उठत नाही.

शंका असेल तर केरळातल्या मरडूचं प्रकरण वाचा. खाडीकाठच्या चार उंच इमारती, तीनशेहून जास्त फ्लॅट, स्थानिक संस्थेने दिलेले बांधकाम परवाने, बँकांची कर्जं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये त्या पाडायला सांगितल्या आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी त्या स्फोटकांनी जमीनदोस्त झाल्या. लांबचं नको असेल तर अलिबागजवळचं किहीम घ्या. तिथला नीरव मोदीचा बंगला रायगड जिल्हा प्रशासनाने ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून उडवला. हिऱ्याच्या व्यापाऱ्याला जे जमलं नाही ते दोन गुंठ्यांवर आपल्याला जमेल, हा आत्मविश्वास कुठून येतो देव जाणे.

एवढं सांगूनही घ्यायचंच असेल तर इसार देण्याआधी सर्व्हे नंबर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या १:४,००० नकाशाशी पडताळा आणि परवानगीचं उत्तर लेखी घ्या. सातबाराही नीट वाचा. कोकणात एका उताऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार असतात, त्यातले निम्मे मुंबईत, काही हयातही नाहीत. ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा दिसला तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे, तिच्या विक्रीला वेगळे नियम आहेत. ‘सातबारा क्लिअर’ हे शब्द जाहिरातीत असतात, उताऱ्यावर नसतात.

कायद्याचं झालं. समजा २०० मीटरच्या बाहेर, रीतसर जागा मिळाली. मग आपला माणूस तिथे आपलं ज्ञान घेऊन जातो, आणि ते उलटं पडतं.

पाण्याचंच बघा. आपल्याकडे विहीर आटली की बोअर, दोनशे फुटांवर लागलं नाही तर तीनशे. काळ्या पाषाणात खोल गेल्याने समुद्राचं पाणी काही आत येत नाही. किनाऱ्याच्या वाळूत नेमकं हेच करायचं नसतं. तिथे पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी टिकतं, आणि वरचा फूट उपसलात की खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणून तिथल्या जुन्या विहिरी उथळ असतात आणि बेतानं उपसल्या जातात. आपण पाच हॉर्सपॉवरची मोटर टाकून पाहुण्यांसाठी शॉवर चालू ठेवला की आपलंही पाणी मचूळ होतं आणि शेजाऱ्याचंही. यवतमाळच्या तिपटीहून जास्त पाऊस पडणाऱ्या कोकणात एप्रिल-मेमध्ये टँकर का लागतात, हा प्रश्न पडत असेल तर दुसरं कारणही ऐका: जांभा दगड पाणी धरत नाही, उतार ते समुद्राला देऊन टाकतो.

घराचंही तसंच. इथल्या मिस्त्रीला तिकडे न्यायचा बेत मी ऐकला आहे. मिस्त्री चांगला असेल, पण त्याच्या हाताला सवय कोरड्या हवेची. आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या हवेत लोखंडी सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण चालतं. उघड्या किनारी हवेत ४५ लागतं आणि काँक्रीटही एम-२० नाही, किमान एम-३०. समुद्राचे तुषार उडत असतील तर आवरण ५० आणि काँक्रीट एम-३५. हे पाळलं नाही तर खारी हवा सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पापुद्रे पडायला लागतात. पंखा, फ्रिजचा पाय, मोटरसायकलची चेन, दाराची कडी, सगळ्यांचं आयुष्य तिथे कमी. देखभालीचा हा खर्च होमस्टेच्या हिशेबात कोणीच धरत नाही.

आणि कूलर नेऊ नका. आपल्या मेमधल्या कोरड्या झळांत तो वाळ्याच्या ताट्यांसह स्वर्ग दाखवतो, कारण पाणी झपाट्याने उडतं. मालवणच्या दमट हवेत ते उडतच नाही, कूलर फक्त ओलावा वाढवतो. पारा तिथे ३४-३५ च्या पुढे सहसा जात नाही, हे खरं आणि मोठं सुख आहे. पण घाम वाळत नाही, हेही तितकंच खरं.

‘वर्षभर पाहुणे येतात’ हे तर सरळ खोटं. मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत समुद्र खवळलेला, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, एवढ्यावर वर्ष काढावं लागतं.

हे सगळं ऐकवलं की हल्ली नवा सूर लागतो: कोकणात एवढी कटकट, मग थायलंड काय वाईट? पटाया, फुकेत, हुआ हिन. व्हिसाही लागत नाही म्हणे. पर्यटकाला काही दिवस मिळणारी सवलत आणि राहण्याचा परवाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जमिनीचं म्हणाल तर थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर ती सहसा होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही एका इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. निवृत्त म्हणून राहायचं तर वय किमान ५० हवं आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. ८ लाख बाथ म्हणजे २० लाख रुपयांच्या वर. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा आणि परवान्याशिवाय काम करायचं नाही, म्हणजे दोन खोल्या भाड्याने द्यायचं स्वप्न तिथेच आडवं. पाऊसही चुकत नाही. फुकेतला मे ते ऑक्टोबर आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी वारा झोडपतो. स्वच्छ रस्ते, स्वस्त खाणं, रात्री उशिरापर्यंतची वर्दळ हे फायदे आहेत, पण ते पाहुण्याला दिसणारे. वावर विकून गेलेल्याला कागद आधी दिसतात.

उरलेले किरकोळ गैरसमज. ‘अरबी समुद्रात वादळं येत नाहीत’: निसर्ग, ३ जून २०२०; तौक्ते, मे २०२१. ‘बेंबळ्यात पोहतो, समुद्रात काय भ्यायचं’: धरणाचं पाणी माणसाला आत ओढून नेत नाही, ओहोटी नेते, १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीचे १४ विद्यार्थी बुडाले. ‘दवाखाने आहेत की’: आहेत, पण मोठं दुखणं निघालं की सिंधुदुर्गाचा माणूस अजूनही गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजचा रस्ता धरतो, आपल्याला यवतमाळचं मेडिकल त्या मानाने अंगणात आहे. ‘पोरांच्या शिक्षणाचं नुकसान होईल’: हे मात्र उलटं आहे, २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो. ‘तिथले लोक बाहेरच्याला जवळ करत नाहीत’: पाणी बेतानं उपसा, बांध कोरू नका, मग बोला. ‘मासे फुकट मिळतात’: हंगामात निम्मी मुंबई-पुणं तिथे जेवायला उतरलेली असते. सुरमईचा भाव विचारून आलेले आमचे एक नातेवाईक आता बेंबळ्याच्या रोहूबद्दल फार आदराने बोलतात.