देवळालीकर : एका आडनांवाचा विचार

आडनांव म्हणजे घराण्याच्या इतिहासाचें पहिलें पान होय. पण तें वाचावें कसें, याचा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो. आमचें वास्तव्य देवळाली कॅम्पांत असल्यामुळें 'देवळालीकर' हेंच आडनांव आज उदाहरणास घेतों.

यांतील 'कर' हा दिनकर, भास्कर या शब्दांतल्याप्रमाणें 'करणारा' अशा अर्थाचा नव्हे. तो गांवाशीं असलेला संबंध दाखवितो. आतां देवळालींत सगळेच देवळालीचे. तेथें एकालाच देवळालीकर म्हणण्यांत काय स्वारस्य? म्हणून असें नांव बहुधा परगांवीं गेल्यावर लोकांकडून मिळतें. घराणें कोठें राहतें हें तें सांगत नाहीं. कोठून निघालें हें सांगतें. शेजारच्या भगूर गांवीं विनायक दामोदर सावरकर यांचा १८८३ सालीं जन्म झाला. परंतु तेवढ्यानें तें घराणें भगूरकर झालें नाहीं.

मात्र हा नियम सार्वत्रिक नव्हे. पेशवाईंतील सरदार विठ्ठल शिवदेव हे मूळचे दाणी; नाशिक जिल्ह्यांतील विंचूरच्या जहागिरीवरून ते विंचूरकर झाले. वेळासचे भानू अधिकारपदामुळें फडणवीस म्हणून ख्याति पावले. आडनांव बदलतें तें असें.

हॉलंडांतही स्थळावरून पडलेलीं आडनांवें पुष्कळ आहेत. 'व्हान डेन बेर्ग' म्हणजे डोंगराकडचा, 'व्हान डाइक' म्हणजे बांधाकडचा. त्यांतील 'व्हान' नांवाच्या आधीं येतो, आपला 'कर' शेवटीं, एवढाच भेद. तो देश नेपोलियनच्या अमलाखालीं असतां, १८११ च्या ऑगस्टांतील हुकुमानें प्रत्येकास आडनांव सरकारदप्तरीं नोंदविणें भाग पडलें. आपल्याकडे असा एकच हुकूम कधीं निघाला नाहीं. म्हणून आपला शोध अधिक बिकट.

देवळालीकर नांवाची कीर्ति दूरवर गेलेली आहे. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनीं इंदुरास चित्रकला विद्यालय नांवारूपास आणिलें. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचे शिष्य. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाची १९५८ सालीं उद्घाटन झालेली इमारत गणेश भिकाजी देवळालीकर यांच्या आराखड्याप्रमाणें उभी राहिली.

ही नांवें ऐकून आम्हां गांवकऱ्यांस अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. परंतु येथेंच थोडें थांबावें. राहुरी तालुक्यांत प्रवरेच्या नांवानें ओळखली जाणारी दुसरी देवळाली आहे! नुसत्या आडनांवावरून देवळालीकरांचें मूळगांव हें कीं तें, याचा निर्णय होत नाहीं. आणि नामसादृश्यावर वंशावळ रचणें हा शास्त्रशुद्ध मार्ग नव्हे.

मग प्रमाण कोणतें? जुनीं वतनपत्रें, छापील कुलवृत्तान्त, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, कुलदैवताचें स्थान आणि घरांतील वृद्धांच्या आठवणी. यांपैकीं कागद कांहीं काळ टिकतील. आठवणी मात्र माणसांबरोबर जातात. एका घरांतील मुलें आतां चार शहरांत राहतात. तेव्हां आजी-आजोबा आहेत तोंच त्यांच्याकडून मूळगांव, कुलदैवत आणि चार पिढ्यांचीं नांवें विचारून, स्त्रियांच्या माहेरच्या नांवांसह, एका वहींत उतरून ठेवावीं. अशी वही नसल्यास पुढल्या पिढीच्या हातीं केवळ आडनांव उरेल. आणि तें कोणत्या देवळालीचें, हें सांगणारें कोणीही नसेल.