दुर्गद्वारावरील शरभ

महाराष्ट्रांतील गडकोटांचीं द्वारें पाहूं गेलें असतां सिंहासारखें एक अद्भुत श्वापद वारंवार दृष्टीस पडतें. शिवनेरीच्या दरवाज्यावर तें आहे. सिद्दीच्या जंजिऱ्याच्या महाद्वारावर तर त्यानें पंजांत हत्ती धरिले आहेत. स्थानिक लोक त्यास वाघ म्हणतात, अभ्यासक बहुधा शरभ म्हणतात. हें दुसरें नांव कितपत यथार्थ आहे, हें ग्रंथांवरून पाहणें अगत्याचें आहे.

शरभ सर्वत्र अक्राळविक्राळ नाहीं. पालि जातकांपैकीं ‘सरभमिग’ जातकांतील शरभ हा केवळ एक वनमृग होय. मेघदूतांतील शरभ हिमालयावर राहतात आणि मेघावर त्वेषानें झेप घेऊं पाहतात. शांतिपर्वांतील शरभ मात्र निराळा. तेथें ऋषीच्या कृपेनें आश्रमांतील कुत्रा क्रमाक्रमानें बिबट्या, वाघ, हत्ती व सिंह होतो. त्या सिंहाला मारावयास आठ पायांचा शरभ येतो, तेव्हां ऋषि त्याला त्याहूनहि बलवान् शरभ करितो. आतां त्याच्या भयानें इतर श्वापदें वन सोडून पळतात. तो फळेंमुळें टाकून मांसावर राहतो, आणि अखेर ऋषीवरच उलटून शापानें पुन्हां कुत्रा होतो. लिंगपुराणांत शिव शरभरूप धरून नृसिंहाचें दमन करितो. तेथें शरभास पंख व चोंच आहे. दारासुरम् येथील बाराव्या शतकांतील ऐरावतेश्वर मंदिरांत हेंच रूप मूर्तींत उतरलें आहे.

या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे: शरभाचें भक्ष्य सिंह होय. हत्तीचें कुंभस्थळ विदारणें हा काव्यांत सिंहाचा धर्म मानिला आहे. जंजिऱ्यावरील प्राण्यास पाय चार, आणि भक्ष्य हत्ती. तेव्हां शिकारीवरून पाहतां तो ग्रंथोक्त शरभ नसून मंदिरशिल्पांतील व्यालाच्या कुळांतील ठरतो. हत्ती हें भक्ष्य त्याच्या एकट्याचेंहि नव्हे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या (इ. स. १५२९–४२) नाण्यांवर द्विमुखी गंडभेरुंड हत्तींस उचलून नेतांना दिसतो. हत्ती हें परबळाचें चिन्ह, व त्यास धरणारा प्राणी स्वामीच्या पराक्रमाचें, असा अर्थ आम्हांस सयुक्तिक वाटतो.

‘शरभ’ हें नांव आतां रूढ झालें आहे. तें टाकावें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु नांवावरून अनुमान काढणें धोक्याचें आहे. एकच चिन्ह मराठ्यांच्या व सिद्दीच्याहि दुर्गावर आढळत असल्यामुळें, केवळ तेवढ्यावरून दरवाज्याचा कर्ता ठरवितां येत नाहीं. म्हणून नोंद करितांना पाय किती, पंख वा चोंच आहे कीं नाहीं, पंजांत कोणता प्राणी व किती, हें आधीं लिहावें. नांव मागाहून द्यावें. ज्यांच्या संग्रहीं शरभाचीं चित्रें असलेल्या पोथ्या असतील, त्यांनीं त्याच क्रमानें वर्णन प्रसिद्ध केल्यास या विषयावर पुष्कळ प्रकाश पडेल.