दुहेरी केबल आणि बोअरचं होल्टेज

मैंदर्गीसारख्या अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांत डीपी एका टोकाला आणि बोअर दुसऱ्या टोकाला, हे नेहमीचंच. मोटार उचलत नसली की सल्ला ठरलेला: आणखी एक केबल ओढ.

गैरसमज: दुसरी केबल जोडली की होल्टेज पडतच नाही.

वस्तुस्थिती: पडतं, पण निम्मं. पाच एचपीची थ्री-फेज मोटार साधारण १० अँपिअर घेते असं धरू. अंतर ६०० मीटर, केबल तांब्याची ४ एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर). तिचा रोध किलोमीटरला सुमारे ५ ओहम, म्हणजे इथे ३. आता १.७३ × १० × ३ × ०.८ (पॉवर फॅक्टर) करा: जवळपास ४२ व्होल्ट. थ्री-फेजला अंतर एकेरीच धरायचं, दुप्पट नाही; ती चूक वायरमनही करतात. तशीच दुसरी केबल समांतर टाकली की रोध दीड ओहम, घट २१ व्होल्ट. डीपीवरच ३८० मिळत असतील, तर ती तूट मात्र केबलने भरून निघत नाही.

४२ व्होल्ट किरकोळ वाटतात. ४१५ मधून ते दहा टक्के जातात, आणि मोटारीचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तो जवळपास पाचव्या हिश्शाने घटतो. भार तेवढाच राहिला की मोटार करंट जास्त ओढते, तापते, आणि मग रिवायंडिंगवाल्याची चांदी.

गैरसमज: मीटरवर ४१५ दिसतात, म्हणजे केबल ठीक.

मोटार बंद असताना दिसणारच. करंट नाही तर घट कुठली? चालू मोटारीवर, बोअरच्या तोंडाशी मोजा.

गैरसमज: घरात पडलेली कुठलीही केबल जोडीला चालते.

तांब्याशेजारी तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनिअमची टाकली, तर १० पैकी सहाच्या वर अँपिअर तांब्यातून जातात आणि घट २६ व्होल्टच्या आसपास राहते. शिवाय तांबं-ॲल्युमिनिअमचा उघडा जोड ओलाव्यात खराब होतो. प्रत्येक केबलमध्ये तिन्ही फेज हवेतच. एका केबलची कोर आतून तुटली तरी मोटार चालत राहते, कुणाला पत्ता लागत नाही. टाँग टेस्टर लावल्यावरच एकीत शून्य आणि दुसरीत १० दिसतात.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत सुमारे ५३ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तारा समांतर जोडायला, काही अपवाद सोडले तर, परवानगीच नाही. आपल्याकडे नवी केबल घ्यायचीच असेल तर १० एमएमची एकच घ्यावी: त्याच ६०० मीटरवर घट सुमारे १६ व्होल्ट.