सिडनी कोणाचे म्हणून दाखवायचे?

मूलनिवासी विद्यार्थ्यांना महानगरात नेणाऱ्या 'नेतृत्व सहली' हा ऑस्ट्रेलियातील शालेय व्यवस्थेचा आता रुळलेला भाग आहे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या अंतर्भागातील वॉलगेट, बर्क, विल्कॅनिया यांसारखी गावे सिडनीपासून साडेसहाशे ते साडेनऊशे किलोमीटर अंतरावर आहेत. अशा भागांतील माध्यमिक शाळांमधून निवडलेली मुले-मुली काही दिवस राज्याच्या राजधानीत, म्हणजे सिडनीत, राहतात, विद्यापीठे व कामाची ठिकाणे पाहतात, भाषणकला व गटचर्चेचे धडे घेतात आणि बंदरावर फिरून परततात, असा या सहलींचा सर्वसाधारण आराखडा असतो. मूलनिवासी या संज्ञेत मुख्य भूमीवरील ॲबोरिजिनल समाज आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक असे दोन्ही येतात. २०२१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ८,१२,७२८, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ३.२ टक्के इतकी नोंदली गेली आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये राहतात.

सहलींमागचे सरकारी गणित शाळागळतीशी जोडलेले आहे. 'क्लोजिंग द गॅप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मूलनिवासी व इतर नागरिकांमधील दरी मिटवण्याच्या २०२० च्या राष्ट्रीय करारानुसार, वीस ते चोवीस वयोगटातील ९६ टक्के मूलनिवासी तरुणांनी २०३१ पर्यंत बारावी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण पूर्ण केलेले असावे, असे उद्दिष्ट आहे. २०२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ६८ टक्केच होते. शाळेत टिकून राहावे असे काहीतरी मुलांपुढे असले पाहिजे, या विचारातून २००० साली पर्थमध्ये फुटबॉलच्या आधारे सुरू झालेल्या क्लोन्टार्फ प्रतिष्ठानासारख्या संस्थांनी नियमित हजेरी आणि शिबिरे-सहली यांची सांगड घातली, तर मुलींसाठी २०१५ पासून स्टार्स प्रतिष्ठान याच धर्तीवर काम करते. हजेरीचे बक्षीस म्हणून सहल देण्यात गैर काही नाही. मात्र बक्षिसाला नेतृत्वाचे नाव दिले की त्याच्याकडून अधिक मागण्याचा अधिकार समाजाला मिळतो, आणि या सहलींची खरी परीक्षा तिथेच सुरू होते.

या प्रवासाची उलटी दिशा ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात अधिक प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे सुमारे तीस विद्यार्थी चार्ल्स पर्किन्स यांच्या पुढाकाराने बसमधून राज्याच्या ग्रामीण भागात गेले आणि 'फ्रीडम राइड' म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या दौऱ्यात त्यांनी, महायुद्धात लढलेल्या ॲबोरिजिनल सैनिकांना प्रवेश नाकारणाऱ्या वॉलगेटच्या माजी सैनिक क्लबासमोर आणि ॲबोरिजिनल मुलांना बंदी असलेल्या मोरी येथील सार्वजनिक जलतरण तलावाशी निदर्शने केली. पर्किन्स स्वतः ॲलिस स्प्रिंग्ज येथे जन्मलेले अरेरन्टे समाजातील, लहानपणी ॲडलेडच्या वसतिगृहात राहिलेले आणि फुटबॉलच्या जोरावर वर आलेले होते. १९६६ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे केंद्र सरकारच्या मूलनिवासी व्यवहार खात्याचे सचिवही झाले. खेळ, वसतिगृह, विद्यापीठ ही आजच्या सहलींमधून दाखवली जाणारी वाट त्यांनी स्वतः चालून पाहिली होती, पण शहरात शिकलेले घेऊन ते गावांतील अन्यायापुढे उभे राहिले, हा भाग सहलींच्या माहितीपत्रकात सहसा बसत नाही.

मुलांना घरापासून दूर नेण्याच्या कल्पनेवर या देशात आणखी एक जुनी सावली आहे. न्यू साउथ वेल्समधील १९०९ च्या 'ॲबोरिजिन संरक्षण' कायद्यात १९१५ मध्ये दुरुस्ती होऊन, न्यायालयात काहीही सिद्ध न करता मुलांना आईबापांपासून काढून घेण्याची मुभा संरक्षण मंडळाला मिळाली. मुलगे किंचेला येथील आश्रमात ठेवले जात, तर मुली कूटामुंड्रा येथील आश्रमात घरकामासाठी तयार केल्या जात. ज्यात काढून नेलेल्या मुलांना 'हिरावलेल्या पिढ्या' म्हटले जाते, त्या धोरणाची चौकशी करणाऱ्या १९९७ च्या अहवालाने, १९१० ते १९७० या काळात दर दहांपैकी किमान एक आणि कदाचित दर तिघांपैकी एक मूल असे नेले गेले, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे शाळेची बस दाराशी येते तेव्हा संमतिपत्रावर सही करणाऱ्या आजीच्या मनात जे येते, ते केवळ वडीलधाऱ्यांची काळजी म्हणून बाजूला सारता येत नाही. मुलांबरोबर ॲबोरिजिनल शिक्षण अधिकारी, म्हणजे शाळा आणि समाज यांच्यामध्ये काम करणारा समाजातलाच कर्मचारी, आणि शक्यतो गावातील एखादी ज्येष्ठ व्यक्ती असणे हे या सहलींमध्ये सौजन्य नसून अट मानली गेली पाहिजे.

मग सिडनीत काय दाखवायचे? ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज पाहून डोळे दिपले पाहिजेतच, पण तेवढ्यावर थांबले तर शहर म्हणजे दुसऱ्यांनी गाठलेली उंची आणि गाव म्हणजे मागे राहिलेली जागा, एवढाच धडा मुलांच्या हाती लागतो. वास्तविक ऑपेरा हाउस ज्या भूशिरावर उभे आहे त्याला बेनेलाँग या ॲबोरिजिनल पुरुषाचे नाव आहे, शहराचा मध्यभाग गॅडिगल या ॲबोरिजिनल लोकांच्या भूमीवर वसला आहे आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या एका भुयारी मेट्रो स्थानकाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. एलिझाबेथ स्ट्रीटवरील ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये २६ जानेवारी १९३८ रोजी, गोऱ्या वसाहतीच्या दीडशेव्या वर्धापनदिनाचा जल्लोष बाहेर चालू असताना, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन आणि विल्यम कूपर या ॲबोरिजिनल नेत्यांनी 'शोकदिन' पाळून समान नागरिकत्वाची मागणी केली होती. ती वास्तू आजही उभी आहे.

आणि सिडनीचे उपनगर रेडफर्न. रेल्वेच्या कारखान्यांत कामाला आलेल्या, गावाकडून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांच्या या वस्तीत पोलिसी जाचाला उत्तर म्हणून १९७० मध्ये देशातील पहिली ॲबोरिजिनल कायदेसेवा आणि पुढच्याच वर्षी पहिली ॲबोरिजिनल वैद्यकीय सेवा सुरू झाली. त्यांचा नमुना पुढे देशभर उचलला गेला. १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी जमीन हिरावल्याची आणि मुले नेल्याची कबुली जाहीरपणे दिली तीही याच वस्तीतील बागेत. नेतृत्व म्हणजे व्यासपीठावर आत्मविश्वासाने बोलणे, अशी समजूत असलेल्या विद्यार्थ्याला, दवाखाना आणि वकील मिळत नाहीत म्हणून ते स्वतः उभे करणारी माणसे दाखवणे हा अधिक टिकाऊ पाठ आहे. रेडफर्नच्या जुन्या शाळेच्या जागेत २०१० मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय मूलनिवासी केंद्र, जिथे दूरच्या मुलांच्या शिबिरांचीही सोय होती, २०२२ मध्ये बंद पडण्याच्या बेतात आले तेव्हा स्थानिक लोक रस्त्यावर उतरले, हेही त्यांना सांगायला हवे.

या सहलींवरचा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. हुशार मुले शहरी निवासी शाळांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळतात आणि गावाला त्यांचा उपयोग होत नाही, अशी तक्रार ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण शहरात राहण्याचा हक्क मूलनिवासी तरुणालाच तेवढा नाकारणे हेही अन्यायाचेच होईल. त्याहून अवघड प्रश्न असा, की तयार झालेल्या नेतृत्वाचे ऐकणार कोण? मूलनिवासींचे म्हणणे संसदेपर्यंत नेणारी सल्लागार संस्था राज्यघटनेत आणण्याचा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सहाही राज्यांनी फेटाळला आणि देशातील सुमारे साठ टक्के मतदारांनी विरोधात मत दिले. सिडनीच्या मध्यवर्ती मतदारसंघाने मात्र होकार दिला होता, ही नोंद महानगराच्या बाजूने करायला हरकत नाही. बोलायला शिकवणाऱ्या देशाने ऐकण्याची रचना नाकारावी, ही विसंगती कोणत्याही शिबिराच्या वेळापत्रकाने भरून निघणारी नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय परका नाही. गडचिरोली पोलीस दलातर्फे दुर्गम भागातील आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'महाराष्ट्र दर्शन' सहली काढल्या जातात आणि त्यांत मोठी शहरे पाहायला मिळतात. दोन्ही देशांचा इतिहास सारखा नाही, आणि पोलिसांनी काढलेली सहल व शाळेने काढलेली सहल यांतला फरकही लहान नाही. तरीही शहर कोणाचे म्हणून दाखवायचे हा प्रश्न इथेही तोच राहतो. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे, मुंबईत आरे वसाहतीत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वारली पाडे आजही नांदते आहेत. अशा सहली आखणाऱ्यांनी या ठिकाणांसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि पाड्यातील जाणत्या माणसांनाच त्या दिवशी मार्गदर्शक नेमावे.