चाकात पाणी कशाला?

वडूजच्या शिवारात रोटर मारताना छोटा ट्रॅक्टर खुशाल पळतो. नांगर लावला की मागची चाकं जागीच फिरू लागतात. दोष इंजिनाचा नसतो. ओढ ठरते चाकावरच्या वजनावर आणि मातीच्या पकडीवर. पकड सुटली की १५ अश्वशक्ती असो वा २०, डिझेल नुसतं जळतं. म्हणून मागच्या ट्यूबमध्ये पाऊण भाग पाणी भरतात. लिटरमागे एक किलो वजन, तेही जवळपास फुकट!

रोटरचं गणित वेगळं. त्याची पाती पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्यावर), सहसा चाकांच्याच दिशेने फिरतात आणि ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतात. म्हणून रोटर मारताना येरळा नदीकाठचं काळं रान ओलं असेल, तर ट्यूबमधलं पाणी काढलेलं बरं. जादा वजनाने माती दबते, मुळांना हवा मिळत नाही.