केळीच्या खांबाचा वाख

केळीचा खांब एकदांच फळतो. घड उतरला कीं जळगांव जिल्ह्यांतील बागाईतदार तो तोडून बांधावर टाकतात. त्यासाठीं मजुरी भरतात, आणि कुजत्या खांबांत सोंडकिड्यास आयतें घर मिळतें. परंतु याच खांबाच्या सोपटांत बळकट वाख असतो.

तो काढण्याची रीत अशी: खांब ताजा असतांनाच सोपटें सुटीं करून यंत्राच्या फिरत्या पात्यांसमोर धरावीं. पातीं गर खरवडून काढतात व धागे हातीं राहतात. ते लगेच धुऊन सावलींत वाळवावे. उशीर झाल्यास वाख काळवंडतो. बाहेरच्या सोपटांचा जाडाभरडा वाख दोरखंडास, आंतला मऊ वाख विणकामास चालतो.

हिशेब मात्र आधीं करावा. खांबांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतें. शंभर किलो खांबांतून वाख सुमारें एक किलो निघतो. म्हणून खांब दूर वाहून नेणें म्हणजे पाण्याचें भाडें भरणें होय. यंत्रच बागेजवळ आणावें, आणि तेंही चारपांच शेजाऱ्यांनीं भागीनें. उरलेला चोथा व रस शेतासच परत द्यावा. त्यांतील पालाश हें जमिनीचें देणें आहे. तें बुडविल्यास वाखाचा नफा पुढील पिकाच्या खतांत जाईल, असें आम्हांस वाटतें.